तळ्याची पूर्वसूचना देणारे यंत्र: सहा महिन्यांच्या वापरानंतरचे मत

इंदूरजवळ देवास रस्त्याला लागून असलेल्या आमच्या शेततळ्यात रोहू आणि कटला आहेत. दोन वर्षांपूर्वी एका रात्रीत त्यातले निम्मे मासे गमावल्यापासून, वरवर धडधाकट दिसणारे पाणी एकाएकी का बिघडते, या प्रश्नाने माझा पिच्छा सोडलेला नाही. म्हणूनच पाण्यातील विरघळलेला प्राणवायू दर 15 मिनिटांनी मोजून तळे कोसळण्याची, म्हणजे पाणी एकाएकी बिघडून मासे मरण्याची, आगाऊ सूचना देणारे हे यंत्र मी जानेवारीत बसवून घेतले. बनवणाऱ्यांचे नाव येथे देत नाही.

यंत्रामागचे तत्त्व भक्कम आहे. कडेलोटाजवळ आलेली व्यवस्था धक्क्यातून सावरायला अधिकाधिक वेळ घेऊ लागते. वारा, ढग, खाद्य यांचे लहानसहान धक्के तळ्याला रोजच बसत असल्यामुळे हे मंदावणे आकड्यांत दोन प्रकारे उमटते, म्हणजे चढउतारांचा पसारा वाढतो आणि प्रत्येक मोजमाप आधीच्या मोजमापाला अधिक चिकटून राहते. अमेरिकेत मिशिगनमधल्या पीटर सरोवरात परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टीफन कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी शिकारी मासे टप्प्याटप्प्याने सोडून अन्नजाळे मुद्दाम पालटवले, तेव्हा बदल पूर्ण होण्याच्या वर्षभराहून अधिक आधी ही लक्षणे दिसल्याचे त्यांनी 2011 साली प्रसिद्ध केले.

एप्रिलमध्ये यंत्राने आपले काम चोख केले. खाद्य वाढवले होते, पाणी हिरवट होत चालले होते, मासे मात्र मजेत होते. दिवसा वाढणारा आणि पहाटे उतरणारा प्राणवायूचा रोजचा फेरा वजा केल्यावर उरलेल्या हेलकाव्यांच्या दोन्ही रेषा, पसाऱ्याची आणि चिकटपणाची, तीन आठवडे चढत राहिल्या. खाद्य कमी करून रात्री एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) लावल्यावर त्या उतरल्या. तळे खरोखर कोसळलेच असते, असा दावा मी करणार नाही, कारण आम्ही ते कोसळू दिले नाही.

मे महिन्यातला इशारा मात्र खोटा निघाला, आणि त्याचे कारण घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे. त्या वेळी चिकटपणाची रेषा चढत होती, पण पसारा आक्रसत होता. यंत्राची पाण्यात बुडवलेली काठी बाहेर काढली तर मोजणाऱ्या टोकावर शेवाळाचा बुळबुळीत थर बसलेला होता. थरामागचे टोक सावकाश प्रतिसाद देते, त्यामुळे मंदावलेले असते ते यंत्र, तळे नव्हे. दोन रेषा विरुद्ध दिशांना जाऊ लागल्या तर आधी टोक पुसावे. माहितीपुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही.

माझी खरी तक्रार जूनची आहे. पहिला मोठा पाऊस झाला, तापलेल्या वरच्या थरावर पडलेले थंड पाणी खाली बसले आणि तळाचे प्राणवायूहीन पाणी वर ढवळून आले. पहाटे साडेपाचला राखणदार काकांनी हाक मारली तेव्हा मासे तोंड वर काढून धापा टाकत होते, आणि पडद्यावर हिरवा दिवाच होता. याचा दोष मी गणिताला देत नाही. व्यवस्था हळूहळू कडेपाशी सरकली तरच ती मंदावते. एकाच जबर धक्क्याने ती पलीकडे फेकली गेली, तर मंदावायला अवसरच मिळत नाही. गणितज्ञ पीटर अॅशविन आणि सहकाऱ्यांनी 2012 साली अशा धक्क्याने होणाऱ्या कलाटणीचा वेगळा प्रकार मांडला आहे. ग्रीनलंडच्या बर्फात नोंदलेल्या हिमयुगातील झपाट्याच्या तापमानवाढींपूर्वी अशी पूर्वलक्षणे आढळत नाहीत, असा निष्कर्ष डिट्लेव्हसेन आणि जॉन्सन या संशोधकांनी 2010 सालीच काढला होता. हे माहीत असताना जाहिरातीत "कोणतेही संकट आधीच कळेल" असे लिहिणे चुकीचे आहे, आणि ते वाक्य काढून टाकावे असे मी विक्रेत्यांना लेखी कळवले आहे.

खाद्य, खत किंवा सांडपाणी यांमुळे सावकाश बिघडणाऱ्या तळ्यासाठी हे यंत्र अवश्य घ्यावे. मूळ आकडे उतरवून घेण्याची सोय मात्र खरेदीपूर्वीच मागून घ्यावी, कारण नुसत्या रंगीत दिव्यावरून शेवाळ आणि संकट यांतला फरक कळत नाही. पावसाळी रात्रींसाठी आमच्याकडे आता साधा रिवाज आहे: आभाळ भरून आले की काका पडद्याकडे न पाहता एरेटर सुरू करतात.