तंबोऱ्याची जवारी फोनवर टिकवायची तर: जॅक, डोंगल की ब्लूटूथ?

माझी भाची तासगावहून आठवड्यातून दोनदा एसटीने मिरजेला गाणं शिकायला येते. तिच्या फोनला अपडेट येणं बंद झालं होतं, फोन मात्र ठणठणीत होता, म्हणून मीच त्यावर लिनिएज ओएस, म्हणजे अँड्रॉइडवरच बेतलेली मोफत सिस्टीम, टाकून दिलं. महिनाभरात तिचा फोन. "मामा, आवाज पडल्यासारखा वाटतोय. तंबोरा नुसता गुणगुणतो, बोलत नाही. ब्लूटूथचं चांगलं काही घेऊ का वायरचं?"

तंबोरा "बोलणं" म्हणजे काय हे पाहायचं तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जावं. कारागीर घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवतो, तार छेडतो, दोरा पुन्हा केसभर पुढे घेतो. आधी तार बोथट वाजत असते. एका जागी दोरा बसतो आणि तीच तार उघडते, आवाजाला झळाळी येते (हीच जवारी), खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार स्पष्ट ऐकू येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या केसभर सरकवण्यातल्या कौशल्याचंच आहे असं मला वाटतं.

फोनवरचं संगीत पारखायला मला यापेक्षा चांगली कसोटी सापडलेली नाही. काळी एक पट्टीतल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो आणि जवारीचा झळाळ काही हजार हर्ट्झमध्ये. फोनच्या स्पीकरला खालचं टोक पेलवत नाही, आणि आवळलेली फाईल किंवा हलकं ब्लूटूथ वरचं टोक खातं. दोन्ही टोकं शाबूत आली की बाकीचं गाणं येतंच.

तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी मी फोन हातात घेऊन तंबोऱ्याची फाईल पाहिली. वर्गातल्या मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेली होती. व्हॉइस मेसेज बोलण्यासाठी असतो. आवाज मोनो होतो आणि इतका आवळला जातो की बोलणं कळतं, जवारी राहत नाही. अशा फाईलवर दहा हजारांचा हेडफोन लावूनही काही परत येणार नव्हतं. म्हणून पहिला सल्ला खरेदीचा नाहीच. लिनिएजच्या रेकॉर्डरमध्ये उच्च दर्जा निवडला की वेव्ह फाईल मिळते. गुरूंची परवानगी घेऊन त्यात रेकॉर्ड करावं आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, म्हणजे फाईल जशीच्या तशी पोचते. साठवायला ती फ्लॅक या प्रकारात बदलून घ्यावी. त्यात एक कणही गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. कार्ड लहान असेल तर ऑपस हा आवळलेला प्रकार १६० केबीपीएसपर्यंत (सेकंदाला इतके हजार बिट) ठेवा, माझ्या कानाला तंबोऱ्यातही फरक कळलेला नाही.

आता वायर की ब्लूटूथ.

फोनला ३.५ मिमीचा जॅक असेल तर आधी तोच वापरून पाहा, नवीन काही घेऊ नका. मोबाईल डेटा चालू असताना कानात बारीक खरखर येत असेल किंवा गाणं थांबल्यावरही सुस्कारा ऐकू येत असेल, तरच पुढे जा. भाचीच्या फोनला जॅक नव्हता, तिला डोंगल (चार्जिंगच्या पोर्टला लावून इअरफोन जोडायचा छोटा तुकडा) किंवा ब्लूटूथ यातूनच निवडायचं होतं.

डोंगल घेताना दुकानात हमखास फसगत होते. दिसायला सारखे असले तरी यूएसबी-सीचे डोंगल दोन प्रकारचे असतात. एक नुसता जोड असतो. फोननेच त्या पोर्टमधून ॲनालॉग आवाज सोडला तर तो चालतो, आणि बरेच फोन तसा सोडत नाहीत. दुसऱ्याच्या आत स्वतःचा डॅक असतो, म्हणजे अंकांचा आवाज करणारी चिप. हाच घ्यायचा, आणि खोक्यावर डॅक लिहिलेलं बघूनच घ्यायचा. हजाराच्या आत चांगला मिळतो. आपला फोन आणि आपले इअरफोन सोबत न्या आणि दुकानातच लावून पाहा, कारण काही डोंगल अँड्रॉइडवर फार हळू वाजतात. त्रास दोनच. वाजवताना चार्जिंग करता येत नाही, आणि खिशात ठेवला की डोंगलच्या मानेपाशी वायर तुटते.

अँड्रॉइड सगळा आवाज मिसळून बहुतेक वेळा सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराने बाहेर काढतं आणि सीडीचा दर तर ४४,१००, म्हणून काहीजण अस्वस्थ होतात. अँड्रॉइड १४ पासून यूएसबी डॅककडे आवाज न बदलता नेण्याची सोय आहे, पण ॲपने तशी मागणी करावी लागते. यावर रात्री जागवू नका. फाईल आणि इअरफोन यांच्यापुढे हा फरक नगण्य आहे.

ब्लूटूथचा सगळा खेळ कोडेकवर, म्हणजे हवेतून पाठवण्यासाठी आवाज आवळण्याच्या पद्धतीवर आहे. एसबीसी प्रत्येक जोडीत असतंच, त्याचा चांगल्यातला दर ३२८ केबीपीएस. भजन, भावगीत, बातम्या यांना ते पुरतं, पण जवारी मात्र थोडी वाळूसारखी होते. एएसी कसं वाजेल ते फोनगणिक बदलतं. सोनीचं एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत जातं आणि त्याचा एन्कोडर अँड्रॉइड ८ पासून मुक्त स्रोतातच आहे, त्यामुळे लिनिएजवर ते सहसा मिळतं. इअरफोननेही ते पेलायला हवं, आणि स्वस्तातल्या बहुतेक जोड्या एसबीसी-एएसीवरच थांबतात. शिवाय स्टँडसारख्या गर्दीच्या ठिकाणी ९९० वर आवाज तुटतो. सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ६६० वर ठेवलं की मला सांगली-मिरज प्रवासात तुटल्याचं आठवत नाही.

माझा कौल स्पष्ट आहे: बसून ऐकायला, रियाजाला डोंगल, एसटीत ब्लूटूथ. पैसे एकाचेच असतील तर डोंगल, आणि उरलेले बऱ्या इअरफोनवर घाला.

लिनिएज टाकल्यावर आवाज पडल्यासारखा का वाटला, हे राहिलं. मूळ सिस्टीममध्ये फोनवाले आवाजावर स्वतःची प्रक्रिया बसवतात, बास फुगवतात, स्पीकर मोठा करतात. सिस्टीम बदलली की ती बहुधा जाते आणि उरतो तो फोनचा खरा आवाज. लिनिएजमध्ये ऑडिओएफएक्स नावाचा इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे स्वरपट्टे कमी-जास्त करणारं ॲप, आलेला असतो. त्यात वाढवण्यापेक्षा कमी करा. बास हवा तर वरचे पट्टे जरा खाली ओढा आणि आवाज वाढवा, नाहीतर तार षड्जाला आवाज फाटतो. रूटलेस जेम्सडीएसपी हे आवाजावर प्रक्रिया करणारं ॲप याहून खूप काही करतं, पण त्याला परवानग्या देण्याची खटपट मोठी आहे. विशिष्ट हेडफोन सुधारायचा असेल तरच त्या वाटेला जा.

गाणी वाजवायच्या ॲपमध्ये मी ऑक्सिओ सुचवतो, एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपांच्या दुकानात मिळतं. एका रागाची मैफल विलंबित आणि द्रुत अशी दोन ट्रॅकमध्ये कापलेली असली तर मध्ये खाच पडत नाही, आणि रिप्लेगेन (सगळ्या फाईलींचा आवाज सारख्या पातळीवर आणणाऱ्या खुणा) समजतं. आपल्या संगीतात हे दुसरं फार उपयोगी, कारण जुनं ध्वनिमुद्रण हळू असतं आणि त्यामागून नवं लागलं की कान बधिर होतात. अर्थात संगणकावर आधी फाईलींना रिप्लेगेनच्या खुणा कराव्या लागतात, एकदाच. तिथेच 'प्रकार' या रकान्यात मी रागाचं नाव लिहितो, म्हणजे संध्याकाळी सगळे मारवा एका जागी मिळतात. व्हीएलसी काहीही वाजवतं, फोल्डरने चालतं, स्वतःचा इक्वलायझर बाळगतं. ज्यांच्या फाईलींना नावंच नीट नाहीत त्यांनी तेच ठेवावं. लिनिएज २२ बरोबर येणारं ट्वेल्व्ह हे ॲप देखणं आहे, साध्या ऐकण्याला पुरेल.

पाइनफोनसारखा थेट लिनक्सचा फोन संगीतासाठी घेऊ का, असंही काहीजण विचारतात. केवळ संगीतासाठी नको. घेतलाच आणि जॅकमधून आवाज येत नसेल तर मागचं झाकण काढून सहावा स्विच बघा. त्याने तोच जॅक सिरियल पोर्ट (संगणकाला जोडून फोन तपासायची जागा) होतो, आणि कित्येकांना वाटतं हेडफोन बिघडला.

भाचीने डॅकचा डोंगल घेतला आणि गुरूंच्या तंबोऱ्याचं नवं रेकॉर्डिंग केलं. प्रवासासाठी जुनंच एसबीसीचं ब्लूटूथ ठेवलंय. त्यावर ती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या ऐकते. तीन-सव्वातीन मिनिटांची, मोनो, वरचे स्वर मुळातच कमी टिपलेली ती ध्वनिमुद्रणं. एसबीसीतून त्यांचं काहीही हरवत नाही.