एमडी स्पोर्ट्स मेडिसिन की एमएस ऑर्थो करून मग आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीने सांध्याचं ऑपरेशन)?

नीट पीजीनंतर (एमबीबीएसनंतरची प्रवेश परीक्षा) खेळाडूंसोबत काम करायचंय अशा पोरांना हा प्रश्न पडतोच. दोन्ही कोर्स तीन-तीन वर्षांचे, पण ऑर्थोवाल्याला गुडघा-खांद्याच्या सर्जरीत हात बसवायला पुढे फेलोशिप (जादा ट्रेनिंग) लागते म्हणजे वेळ जास्तच जातो. गुडघ्यातलं एसीएल (लिगामेंट) तुटलं, खांदा सारखा निखळतोय तर तोच लागणार, त्यात वादच नाही, शिवाय नोकऱ्या कुठल्याही जिल्ह्यात मिळतात.

एमडीवाला ऑपरेशन करत नाही, पण बाकी केवढं बघतो! डोक्याला मार लागला तर खेळाडूला परत मैदानात कधी सोडायचं, दम्याचं कुठलं औषध डोपिंगच्या नियमात बसतं, सतत पळणाऱ्या मुलीची पाळी का थांबली, आणि डायबेटिस किंवा हार्टच्या पेशंटला व्यायाम किती द्यायचा हेही. खेळातल्या बहुतेक दुखापतींना चाकू लागतच नाही, म्हणून मला हा डॉक्टर जास्त गरजेचा वाटतो. अडचण सीट्सची, त्या फारच कमी आहेत. ब्रिटनने 2005 मध्येच स्पोर्ट्स मेडिसिन ही वेगळी स्पेशालिटी मानली, आपल्याकडे अजून कितीतरी पालक दुखलं की थेट हाडाच्या डॉक्टरकडेच जातात. ओटीची (ऑपरेशन थिएटरची) आवड असेल तरच ऑर्थो घ्या, नाहीतर एमडी.