अपंगत्व समानता प्रशिक्षण : सांगलीतील एका पतसंस्थेचा अभिप्राय

आमच्या पतसंस्थेच्या विश्रामबाग येथील कार्यालयात शाखाधिकाऱ्यांपासून शिपायांपर्यंत सर्वांसाठी अलीकडे अपंगत्व समानता प्रशिक्षणाची, म्हणजे अपंग व्यक्तींना संस्थेत काय अडवते ते ओळखायला शिकवणारी, एकदिवसीय कार्यशाळा झाली. प्रशिक्षक पूर्वी विजेच्या खांबांवर चढून काम करत असत. अशाच एका कामात पडून त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि तेव्हापासून ते चाकाची खुर्ची वापरतात. ही सेवा आपल्या भागात फारशी परिचित नसल्यामुळे ती घेऊ इच्छिणाऱ्या संस्थांसाठी हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

संकटावर मात केलेल्या माणसाचे प्रेरणादायी भाषण ऐकायला मिळेल, अशी आमच्यापैकी बहुतेकांची समजूत होती. प्रशिक्षकांनी अपघाताविषयी मोजकी वाक्ये सांगून विषय थेट आमच्याकडे वळवला आणि विचारले, "माझे पाय चालत नाहीत हे आता बदलणार नाही, पण मला तुमच्या संस्थेत खाते उघडायचे असेल तर मला काय काय अडवते, ते तुम्ही सांगा." संपूर्ण दिवस याच प्रश्नाभोवती उभा होता. या विचाराची मांडणी ब्रिटनमधील अपंग कार्यकर्त्यांच्या एका संघटनेने १९७६ मध्ये केली होती : शरीरातील उणीव ही एक गोष्ट आणि त्या उणिवेच्या माणसाला समाजाने बाहेर ठेवणे ही दुसरी. पुढे १९८३ मध्ये या विचाराला 'सामाजिक प्रारूप' हे नाव देणारे माइक ऑलिव्हर यांचीही मान १९६२ मध्ये, ऐन तारुण्यात, पोहण्याच्या तलावात सूर मारताना मोडली होती, हे प्रशिक्षकांनी आवर्जून सांगितले.

सर्वांत मोलाचे ठरले ते इमारतीचे निरीक्षण. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही कार्यालयाचे जोते उंच केले आणि त्यामुळे पायऱ्या वाढल्या. बाजूला केलेला उतार मोटारसायकली चढवण्याच्या सोयीचा होता. प्रशिक्षकांनी आम्हाला टेप देऊन मोजमाप घ्यायला लावले. उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते, म्हणजे दीड फूट उंचीसाठी अठरा फूट लांबी हवी. आमचा उतार त्याच्या निम्माही नव्हता. कृष्णेचे पाणी चढू लागल्यावर, लिफ्ट बंद असताना, वरच्या मजल्यावरील चाकाच्या खुर्चीतील खातेदाराला कोण आणि कसे बाहेर काढणार, या प्रश्नाला आमच्या आपत्कालीन आराखड्यात उत्तरच नव्हते. वास्तविक २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे आठवे कलम नैसर्गिक आपत्तीत समान संरक्षणाची हमी देते. सांगलीत राहून हा विचार आमच्या मनात येऊ नये, याचे मला मनापासून दुःख झाले.

डोळ्यांना पट्टी बांधून चालून बघण्यासारखे खेळ त्यांनी जाणीवपूर्वक टाळले. अशा खेळांतून घटकाभराची भीती आणि दया तेवढी उरते, असे त्यांचे मत आहे आणि ते मला पटले. त्याऐवजी काउंटरवरचे प्रसंग करून घेतले. खातेदाराशी न बोलता त्याच्या सोबतच्या माणसाला "यांना काय हवे आहे?" असे विचारण्याची सवय त्यातून आमच्याच डोळ्यांपुढे आली.

जेवणाच्या सुट्टीत ते या कामाकडे कसे वळले, हे मी विचारले. इजेनंतरची सुरुवातीची वर्षे शय्याव्रण (सतत एकाच स्थितीत राहिल्याने होणाऱ्या जखमा), मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि घरखर्चाची चिंता यांतच गेली. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांना मुरलीकांत पेटकरांचे उदाहरण देत असे. १९६५ च्या युद्धात जखमी होऊन १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळवणारे पेटकर याच जिल्ह्यातले असल्याचा त्यांना अभिमान आहे; तथापि पदक न मिळवलेल्या माणसालाही पतसंस्थेत जाता आले पाहिजे, एवढे साधे म्हणणे कोणी ऐकून घेईना, तेव्हा ते मांडण्याची रीतसर तयारी त्यांनी सुरू केली. केवळ दुखापत झाली म्हणून कोणी प्रशिक्षक होत नाही, हे ते ठामपणे सांगतात. अनुभवी प्रशिक्षकांच्या हाताखाली सहायक म्हणून काम करणे, कायद्यातील २१ प्रकारच्या अपंगत्वांचा अभ्यास करणे, अंध आणि कर्णबधिर सहकाऱ्यांकडून त्यांच्या अडचणी समजून घेणे, विरोधी सूर लावणाऱ्या श्रोत्यांसमोर संयम राखणे, हे सारे त्यांना शिकावे लागले. स्वतःची कहाणी किती सांगायची आणि कुठे थांबवायची, हे शिकणे सर्वांत अवघड गेले, असे ते म्हणाले.

दोन उणिवा नोंदवणे आवश्यक आहे. मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता यांना दिवसाच्या शेवटी फारच थोडा वेळ मिळाला, तर कायद्याचा भाग लिपिकवर्गाला जड गेला. कलम २१ नुसार आस्थापनेने समान संधी धोरण तयार करायचे असते. त्याचा नमुना हातात दिला असता तर ती चर्चा अधिक उपयोगी झाली असती.

मानधनाविषयी स्पष्ट लिहितो. काही संस्था शाल, श्रीफळ आणि टाळ्या यांवर त्यांची बोळवण करतात, असे त्यांच्याकडून समजले. हे व्यावसायिक कौशल्याचे काम आहे, म्हणून इतर कोणत्याही प्रशिक्षकाला दिले जाते तेवढे शुल्क आणि प्रवासखर्च द्यावा. सभागृह तळमजल्यावर असावे, चाकाची खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह जवळ असावे आणि कर्मचाऱ्यांत कोणी कर्णबधिर असल्यास सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची व्यवस्था आधी करावी. संचालक मंडळालाही पूर्ण वेळ बसवावे, कारण उताराच्या खर्चाला मंजुरी तेच देतात. आमच्याकडे ते उद्घाटनानंतर निघून गेले आणि नव्या उताराचा प्रस्ताव अद्याप त्यांच्यासमोर प्रलंबित आहे.