चौथीच्या स्कॉलरशिपसाठी कोणतं गाइड घ्यावं? जाड एकत्रित, विषयवार की नुसते पेपर

जून उजाडला की ठाण्यात गोखले रोडवरच्या पुस्तकांच्या दुकानात वह्या, कव्हरं आणि लेबलांच्या गर्दीत स्कॉलरशिपच्या गाइडांचा एक ढीग लागतो. त्या ढिगापुढे मी दोनदा उभी राहिले आहे. आधी थोरल्यासाठी, तेव्हा परीक्षा पाचवीला होती. आता धाकटीसाठी, कारण परीक्षा पुन्हा चौथीला आली. थोरल्याच्या वेळी मी ढिगातलं सगळ्यात जाड पुस्तक उचललं, पानं जास्त म्हणजे तयारी जास्त असं समजून. त्यातलं निम्मं पुस्तक कोरं राहिलं आणि मुलगा मात्र कंटाळून गेला. या वेळी दुकानातून, शेजाऱ्यांकडून आणि माळ्यावरून मिळतील ती सगळी पुस्तकं टेबलावर मांडली आणि तोच तोच प्रश्न प्रत्येकात शोधून ताडून पाहिला.

आधी परीक्षेची मांडणी डोक्यात पक्की हवी, नाहीतर गाइडची पारख होत नाही. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न, 150 गुण, दीड तास. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न, दुसऱ्यात तृतीय भाषेचे (मराठी माध्यमाला इंग्रजी) 25 आणि बुद्धिमत्ता चाचणीचे 50. प्रत्येक प्रश्नाला 2 गुण. म्हणजे 300 पैकी 200 गुण गणित आणि बुद्धिमत्तेचे. यातली बुद्धिमत्ता शाळेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. भाषा आणि गणिताला बालभारतीचं पुस्तक पाठीशी असतं, बुद्धिमत्तेला मात्र गाइडशिवाय दुसरा आधार नाही. म्हणून गाइड चाळताना मी पहिल्यांदा बुद्धिमत्तेचा भाग उघडते. तो कच्चा असेल तर बाकीचं पुस्तक कितीही देखणं असो, ते परत ढिगात जातं.

आता एक प्रश्न घेऊ. आरशात घड्याळात 4 वाजून 20 मिनिटं झालेली दिसतात, तर खरी वेळ किती? जाड एकत्रित पुस्तकात याच्यासमोर फक्त 'पर्याय 3' छापलं होतं. विषयवार मिळणाऱ्या बुद्धिमत्तेच्या पुस्तकात एक ओळ होती: 11 वाजून 60 मिनिटांतून दिसणारी वेळ वजा करा, उत्तर 7 वाजून 40 मिनिटं. ओळ बरोबरच आहे. पण धाकटीने विचारलं, "आई, 11 वाजून 60 मिनिटं कधी वाजतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याच मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळी सोसायटी त्यांना बाई म्हणते. बाईंनी कागदावर स्केचपेनने घड्याळ काढायला लावलं, कागद उलटा केला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. मागून काटे 7 वाजून 40 मिनिटांवर दिसत होते. मग म्हणाल्या, "आता दोन्ही वेळा मिळवून बघ." 4:20 आणि 7:40, मिळून बरोबर 12 तास. 11 वाजून 60 मिनिटं म्हणजे बाराच, वजाबाकी सोपी जावी म्हणून तसं लिहिलेलं, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

तिसऱ्या पुस्तकात नियमानंतर आणखी एक उदाहरण होतं: आरशात 12 वाजून 10 मिनिटं दिसत असतील तर? 11:60 मधून 12:10 वजा जात नाहीत. तिथे 23:60 घ्यायचे, उत्तर येतं 11 वाजून 50 मिनिटं. मुलं अडतात ती नेमकी इथे, आणि हे ज्याने लिहिलं त्याने मुलांना प्रत्यक्ष शिकवलेलं आहे हे लगेच कळतं. दुकानात उभ्याउभ्या पाच मिनिटांत एकच गोष्ट तपासायची असेल तर ही तपासा. आरशातल्या घड्याळाचं पान उघडा आणि बाराच्या पुढच्या वेळेचं उदाहरण आहे का ते पाहा.

कॅलेंडरचंही तेच. 15 ऑगस्ट 2025 ला शुक्रवार होता, तर 15 ऑगस्ट 2026 ला कोणता वार? काही पुस्तकं 'साध्या वर्षात एक वार पुढे, लीप वर्षात दोन' एवढी युक्ती देऊन मोकळी होतात. मुलं ती पाठ करतात आणि मधल्या 29 फेब्रुवारीकडे न बघता नुसत्या वर्षाच्या आकड्यावरून दोन वार पुढे सरकतात. ज्या पुस्तकात आधी 365 ला 7 ने भागून बाकी 1 उरलेली दाखवली आहे, त्यातून शिकलेल्या मुलाला शनिवार का येतो हे सांगता येतं.

या ताडून पाहण्यातून माझं एक मत पक्कं झालं. गाइड निवडताना मुलाच्या हुशारीपेक्षा संध्याकाळी त्याच्या शेजारी कोण बसणार आहे, हे आधी बघावं. बसणारं माणूस शिकवणारं असेल, बाईंसारखं, तर नुसत्या उत्तरांचं जाड पुस्तकही चालतं, कारण भरपूर प्रश्न मिळतात आणि समजावायला माणूस आहे. आमच्याकडे आई-बाबा दोघंही लोकलने ये-जा करणारे. रात्री आठला घरी पोचून पोळ्या लाटता लाटता प्रश्न समजावायचा तर उत्तरामागची रीत पुस्तकातच हवी. मूल क्लासला जात असेल तर क्लासच्या नोट्स असतातच. तिथे वर आणखी एक जाड गाइड घेणं म्हणजे दप्तराचं ओझं वाढवणं, त्याऐवजी सरावाचे पेपर घ्यावेत.

विषयवार चार पुस्तकं की एकत्रित एक? पैशाच्या हिशेबाने एकत्रित स्वस्त पडतं, चार पुस्तकांना आम्हाला जवळजवळ दुप्पट खर्च आला असता. पण चारही घ्यायची सक्ती कुठे आहे? गणित आणि बुद्धिमत्ता ही दोन घ्या, भाषेची दोन सोडा. मराठीच्या 25 प्रश्नांत उतारा, कविता, म्हणी, वाक्प्रचार, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द असं येतं. हे गाइडमधल्या याद्या घोकून फारसं येत नाही. रोज एक पान मोठ्याने वाचणं आणि पाठ्यपुस्तकाचे स्वाध्याय करणं यातून जास्त येतं. थोरल्याने म्हणींची पाच पानी यादी पाठ केली होती. पेपरात प्रसंग देऊन त्याला लागू पडणारी म्हण विचारली आणि तो अडकला, कारण म्हणी त्याने कधी बोलण्यात वापरल्याच नव्हत्या. इंग्रजीलाही याद्यांपेक्षा पाठ्यपुस्तकातले शब्द आधी पक्के करावेत.

एकत्रित पुस्तकाची दुसरी अडचण छपाईची. पानं वाचवायला आकृत्या लहान करतात. आरशातली प्रतिमा, जलप्रतिबिंब, गटात न बसणारी आकृती, या सगळ्यात एक ठिपका किंवा एक तिरकी रेघ इकडची तिकडे झाली की उत्तर बदलतं. थोरल्याच्या पुस्तकात एका प्रश्नाचे दुसरा आणि चौथा पर्याय आम्हाला हुबेहूब सारखे दिसत होते. भिंग लावून पाहिलं तेव्हा एका त्रिकोणातला ठिपका शाईत बुडालेला सापडला. मुलगा अर्धा तास स्वतःलाच चुकीचा समजत होता. पुस्तकाचं नाव लिहीत नाही, पुढच्या आवृत्तीत सुधारलंही असेल. तुम्ही मात्र दुकानाच्या उजेडात आकृत्यांची दोन पानं डोळ्यांजवळ धरून पाहा.

गणिताच्या पुस्तकाची पारख वेगळी. या परीक्षेत साधारण 30 टक्के प्रश्न सोपे, 40 टक्के मध्यम आणि 30 टक्के कठीण असतात. एखाद्या घटकाखालचे वीस प्रश्न पाहा. सगळेच एका पायरीचे असतील, 'बेरीज करा, वजाबाकी करा', तर मूल घरी सगळं बरोबर सोडवेल आणि परीक्षेत बुजेल. उलट काही पुस्तकं पहिल्याच पानापासून अवघड प्रश्न देतात. त्यांनी आठवडाभरात मूल गणिताला घाबरायला लागतं.

माध्यमाकडे दुर्लक्ष करू नका. आपल्याकडे मराठी घरातली कितीतरी मुलं इंग्रजी किंवा सेमी माध्यमात आहेत. इंग्रजी माध्यमाच्या मुलाची प्रथम भाषा इंग्रजी आणि तृतीय भाषा मराठी, म्हणजे भाषेचे दोन्ही भाग उलटे. त्याला मराठी माध्यमाचं पुस्तक स्वस्तात मिळालं म्हणून आणू नये. सेमीच्या मुलाची गंमत निराळी. बुद्धिमत्ता त्याला मराठीतून जमते, पण शाळेत गणित 'न्यूमरेटर, डिनॉमिनेटर' शब्दांत शिकलेलं असतं आणि पुस्तकात अंश-छेद भेटतात. धाकटी सेमीला आहे. मी गणिताच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर अंश, छेद, मसावि, परिमिती असे शब्द इंग्रजी नावांसह लिहून ठेवले आहेत.

आता माळ्यावरच्या पुस्तकांबद्दल. 2016-17 पासून ही परीक्षा पाचवी आणि आठवीला होती. 2025 मध्ये शासनाने ती परत चौथी आणि सातवीला न्यायचा निर्णय घेतला. त्यामुळे घरोघरी पाचवीची गाइडं पडून आहेत, आणि 'अहो, आमच्याकडचं घेऊन जा की' असं शेजारच्या वहिनी प्रेमाने म्हणतात. बुद्धिमत्तेच्या सरावासाठी जरूर घ्या, बरेचसे प्रकार तेच आहेत. गणितासाठी घेऊ नका, चौथीच्या मुलापुढे पाचवीचे घटक येतात आणि ते विनाकारण खचतं. चौथीचं नवं गाइड घेतानाही त्याची अनुक्रमणिका मुलाच्या शाळेतल्या सध्याच्या पाठ्यपुस्तकाशी जुळवून पाहा. मुखपृष्ठावर वर्ष नवं आणि आत पाचवीचेच प्रश्न, असं एक पुस्तक मला हाताळायला मिळालं.

'स्कॉलरशिप आणि नवोदय' असं दुहेरी नाव असलेली पुस्तकंही ढिगात दिसतात. नवोदय म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळा, तिथल्या सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीतली मुलं देतात. तिथे एकच पेपर, दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण, आणि त्यातले 40 प्रश्न मानसिक क्षमतेचे. आकृत्यांचा सराव दोन्हीकडे कामी येतो हे खरं. पण गणित एक इयत्ता पुढचं आणि तृतीय भाषेचा भागच नाही. चौथीसाठी हे पुस्तक मी घेणार नाही.

राहिले पेपर. इथे दोन गोष्टींची तुलना आहे: विकत मिळणारे सराव प्रश्नपत्रिका संच आणि परिषदेने प्रत्यक्ष घेतलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका. जुन्या प्रश्नपत्रिका परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, उत्तरसूचीसकट. प्रश्न कसा विचारतात, भाषा किती लांब असते, हे त्यांच्याइतकं दुसरं काहीच दाखवत नाही. परिषद आधी अंतरिम उत्तरसूची लावते, त्यावर हरकती मागवते, मग अंतिम सूची येते. या दोन सूचींत कधी उत्तर बदलतं, कधी प्रश्नच रद्द होतो. काही गाइडांत जुना पेपर छापताना अंतरिम उत्तर तसंच राहून जातं. म्हणून जुन्या पेपरचं गाइडमधलं उत्तर पटत नसेल तर मुलाला दटावण्याआधी अंतिम उत्तरसूची उघडा. अडचण एवढीच की हे पेपर बहुतेक पाचवी-आठवीचे आहेत, त्यामुळे चौथीच्या मुलाला त्यातले भाषेचे आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न द्यावेत, गणितातले निवडून. आठवीच्या जुन्या पेपरमध्ये 20 टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन पर्याय अचूक असत आणि दोन्ही गोल रंगवले तरच गुण मिळत. सातवीच्या पालकांनी हा प्रकार जुन्या पेपरमधून मुलाला दाखवून ठेवावा.

विकतच्या संचाची खरी किंमत त्यातल्या कोऱ्या ओएमआर, म्हणजे गोल रंगवायच्या, उत्तरपत्रिकांत आहे. 75 प्रश्नांना 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही, आणि त्यातच गोल रंगवायचा. बॉलपेनने रंगवलेला गोल खोडता येत नाही. थोरल्याने एका सराव पेपरात एक प्रश्न सोडला, पण गोल सोडायला विसरला. पुढचे अकरा गोल एकेक घर वर सरकले. उत्तरं येत होती, गुण गेले. ते घरीच झालं म्हणून परीक्षेत झालं नाही. ज्या संचात उत्तरपत्रिका सुट्या दिलेल्या नाहीत, तो संच मी घेत नाही.

ज्यांना मूल फक्त पात्र व्हावं असं वाटतं, त्यांना प्रत्येक पेपरात 40 टक्के गुण लागतात. तेवढ्यासाठी पाठ्यपुस्तक, बुद्धिमत्तेचं एक चांगलं पुस्तक आणि जुने पेपर पुरेसे आहेत. शिष्यवृत्ती गुणवत्ता यादीवर मिळते, तिथे नजर असेल तर गणिताचं वेगळं पुस्तक आणि ओएमआरसह संच घ्यावा लागतो.

आमच्याकडे शेवटी विषयवार गणित आणि ते 23:60 वालं बुद्धिमत्तेचं पुस्तक आलं. थोरल्याचं पाचवीचं जाड पुस्तक आकृत्यांपुरतं टेबलावर आहे, शाईत बुडालेल्या त्या ठिपक्याभोवती त्याने लाल पेनने गोल केला आहे. संच दिवाळीच्या सुट्टीत आणणार. घटक पूर्ण व्हायच्या आधी पूर्ण पेपर सोडवायला दिला की कमी गुण बघून पोर हिरमुसते, हे थोरल्याच्या वेळी पाहिलं आहे. तोवर रोज रात्री जेवणाआधी दहा प्रश्न, आणि अडलेला प्रश्न रविवारी सकाळी बाईंकडे.