दहा महिने काढून ठेवलेला डिझेल पंप : कॅलिब्रेशन ऑइलचा अनुभव

गेल्या जूनमध्ये आमच्या हडपसरच्या शेडमधील जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन बोअरिंगसाठी उतरवले. ते लवकर परत बसणार नाही हे दिसत होते, म्हणून त्याचा इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा, चार एलिमेंटांचा (प्लंजर म्हणजे दट्ट्या आणि बॅरल म्हणजे त्याची नळी, अशा चार जोड्यांचा) इनलाइन पंप आयएसओ ४११३ प्रतीचे कॅलिब्रेशन ऑइल भरून ठेवला आणि या एप्रिलमध्ये पुन्हा चढवला. एवढी काळजी घेण्याचे कारण म्हणजे आधीचा एक पंप मी डिझेलसह पावसाळाभर तसाच ठेवला होता. त्याचा रॅक (डिझेलचे प्रमाण कमीजास्त करणारी सरकती दांडी) जाम झाला आणि दोन एलिमेंट गंजून वाया गेले. प्लंजर आणि बॅरल यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकीच असते, त्यामुळे डिझेलमधील ओलाव्याने आलेला गंजाचा बारीकसा डागही तेथे पुरेसा ठरतो. शिवाय जुने डिझेल डिंकासारखा थर धरते, तो वेगळाच.

टेस्ट बेंचवर (पंप तपासण्याच्या यंत्रावर) वापरतात तेच हे कॅलिब्रेशन ऑइल डिझेलइतकेच पातळ असते आणि गंजही रोखते. जुने डिझेल पूर्ण काढून मी रॅक पूर्ण पुरवठ्याच्या बाजूला धरला आणि चारही डिलिव्हरी व्हॉल्व्हमधून (डिझेल बाहेर सोडणाऱ्या झडपांमधून) बुडबुड्यांशिवाय स्वच्छ ऑइल येईपर्यंत शाफ्ट हाताने फिरवला. रॅक बंद स्थितीत असता, तर ऑइल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचलेच नसते. कॅमशाफ्टकडे नवे इंजिन ऑइल घातले. तोंडांत चिंधी किंवा कापूस मात्र कधीही कोंबू नये; त्याचे तंतू आत जातात आणि तो हवेतील ओल धरतो. सर्व तोंडांना टोपणे लावून पंप गंजरोधक व्हीसीआय पिशवीत बंद केला आणि जमिनीपासून उंच फळीवर ठेवला. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे रोटरी पंपाचे आतील भाग डिझेलवरच वंगण घेत असल्याने, त्याचे संपूर्ण घर (हाउसिंग) कॅलिब्रेशन ऑइलने भरावे लागते.

एप्रिलमध्ये पिशवी उघडली तेव्हा रॅक बोटाच्या दाबाने सरकला. बेंचवर चारही एलिमेंटांचा पुरवठा सारखा भरला आणि एकही भाग बदलावा लागला नाही, याचे मला फार समाधान वाटले. तक्रार एकच आहे : प्लॅस्टिकच्या दोन टोपणांतून ऑइल पाझरले होते. आता नाना पेठेतून वॉशरसह पितळी टोपणे आणून ठेवली आहेत.