चेनरिंग बदलायची: स्टीलची की अ‍ॅल्युमिनियमची?

मावसभाऊ रोज सायकलनेच ऑफिसला जातो. पुढच्या चेनरिंगचे, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चकतीचे, दात एका बाजूला झिजून टोकदार झालेत, चढावर जोर लावला की चेन सटकते. आता स्टीलची घ्यावी की अ‍ॅल्युमिनियमची, यावर त्याचं अडलंय.

टिकाऊपणात स्टील सरळ पुढे. पावसाळ्यात चेनवरचं तेल आणि रस्त्याची माती मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतात, आणि मऊ धातू आधी झिजतो. अ‍ॅल्युमिनियमच्याच 7075 या मिश्रधातूची रिंग साध्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कणखर, तरी स्टीलची सर नाही. लहान रिंगेत तोच भार कमी दातांवर येतो. म्हणून तीन रिंगांच्या बऱ्याच क्रँकसेटमध्ये (पेडलचे दांडे आणि रिंगा मिळून होणारा संच) सर्वांत लहान, 22 दातांची रिंग स्टीलची असते.

वजनात अ‍ॅल्युमिनियम जिंकतं. पण अर्धी बाटली पाणी प्यायलात तरी सायकल त्याहून जास्त हलकी होते! स्टील गंजतं खरं, पण दातांवरचा गंज चेनच घासून काढते. किंमतही सहसा स्टीलचीच कमी.

बदलण्याची मेहनत सारखीच. रिंग रिव्हेटने ठोकलेली असेल तर मात्र अख्खा क्रँकसेट बदलावा लागतो. चार बोल्टची असेल तर शेजारच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजा: 73.5 मिमी भरलं तर 104 ची रिंग (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास 104 मिमी). चेनही तपासा, 12 इंचांत 1/16 इंच वाढली असेल तर तीही बदला, नाहीतर नवी रिंग लवकर जाईल.

रोजची ये-जा, पाऊस, सामान असेल तर स्टील. शर्यतीसाठी किंवा 50 दातांच्या मोठ्या रिंगेसाठी अ‍ॅल्युमिनियम. मावसभावाने स्टीलच घ्यावी.