पॉलिशच्या लाकडी भिंतीला पांढरा रंग: सोलापूरच्या नवी पेठेतलं रंगाचं दुकान

आमच्या जुन्या घरात हॉलची एक भिंत अख्खी सागवानी फळ्यांची, त्यावर डार्क स्टेन आणि वरून चकचकीत पॉलिश, भर दुपारी पण लाईट लावावी लागायची म्हणून पांढरी करायची ठरलं. दुसऱ्या एका दुकानात विचारलं तर म्हणे दोन हात इमल्शन (भिंतीचा पाण्याचा रंग) मारा, झालं. इथल्या काकांनी मात्र फोटो बघितला आणि डब्याच्या आधी १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर (घासायचा खरखरीत कागद) काढून ठेवला, म्हणाले चकाकी घालवा आधी, नाहीतर नखानं निघतंय बघा सगळं. बरोबरच आहे ओ, सागवान मुळात तेलकट आणि जुना स्टेन पाण्याच्या रंगातून वर येतो, पिवळे-तपकिरी डाग पडतात, कितीबी हात मारा. म्हणून घासून धूळ पुसायची, गाठींवर स्पिरीटमधला चपडा (विरघळवलेली लाख, डाग अडवायला), मग ऑइल बेस प्रायमर, तो नीट वाळला की हलका पेपर आणि शेवटी वॉटर बेस सॅटिन इनॅमल (मंद चमकेचा टणक रंग). ऑइल इनॅमल स्वस्त पडतं पण पांढरं असेल तर काही वर्षांत पिवळं दिसायला लागतं, हे पण त्यांनीच सांगितलं, महागडा डबा गळ्यात मारला नाही.

शेडकार्ड मात्र ट्यूबलाईटखाली बघू नका, बाहेर उजेडात घेऊन जा, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात काम सकाळीच उरका, दुपारी ब्रश फिरेपर्यंत रंग सुकतो आणि रेघा राहतात. पार्किंगची बोंब आहे, गाडी लांब लावून डबे उचलत न्यावे लागतात. पाचपैकी चार.